काचेला काही लावू नका

कोणाच्या तारसीवर, म्हणजे तुमच्या गच्चीवर, सोलरच्या प्लेटा चमकताना दिसल्या की मला ती केस अजून आठवते. नोकरीच्या शेवटच्या काळातली. मी तेव्हा म्हैसूरच्या एका ठाण्यात एएसआय होतो. शाळा सातवीत सुटली, शिपाई म्हणून भरती झालो आणि तिथवर चढलो. आमच्या घरात पणजोबापासून सगळे म्हैसूरच्या महाराजांच्या पलटणीतले, त्यामुळे मान खाली घालायची सवय नाही. नावं कोणाची लिहीत नाही.

तक्रार वीज कार्यालयाकडून आली. घरावर सोलर बसवलं की खर्चातला मोठा हिस्सा सरकार देतं. अधिकारी येऊन बघतो, फोटो काढतो, मग पैसे घरमालकाच्या खात्यात पडतात. एका बाईला असे पैसे मिळाले. पुढे मीटरवर वीज जमा होताना दिसेना म्हणून त्यांचा माणूस बघायला गेला, तर तारसीवर नुसते लोखंडी पाय उभे. प्लेटा गायब. सरकारी मदत घेऊन बाईने माल विकला, असं तक्रारीत सरळ लिहिलेलं.

आमचे इन्स्पेक्टर तरुण आणि हुशार. म्हणाले, "माल मिळाल्याची तिची सही आहे. आणा तिला."

"आधी तारसी बघून येतो, सार."

"तिथं काही नाही, हीच तर तक्रार आहे!"

"काही नाही ते कसं नाही, तेच बघतो."

ते हसले. जा म्हणाले.

बाई विधवा, आपल्यातलीच, घरी मराठी बोलणारी. डोशाचं पीठ वाटून विकायची. पीठ वाटायच्या यंत्रात कधीतरी उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलेलं. यंत्राचं वीजबिल वाचावं म्हणून तिने सोलर घेतलं होतं. मला बघताच म्हणाली, "या अण्णा. तुमीपण तेच विचारणार काय, कोणाला विकलं म्हणून?"

"विकलं काय?"

"विकलं असतं तर त्या सोलर बसवणाऱ्या कंत्राटदाराला फोन करकरून बोटं झिजवली असती काय? आधी काही देऊ नका अम्मा, सरकारचे आले की तेच मला द्या म्हणाला. दिले. मग काचेत दोष आहे, सर्विसला नेतो म्हणाला. नेल्या. आता फोन उचलत नाही. आणि नोडी, बघा, गल्लीतली माणसं पीठ न्यायचं बंद केलीत. चोरटीच्या हातचं कोण खाणार?"

वर गेलो. लोखंडी पायाला मोगऱ्याची वाळकी माळ लोंबत होती. मी तिथंच थांबलो. विकायच्या वस्तूला कोणी फुलं घालतं काय?

"पूजा केली होती?"

"नवी वस्तू घरात आली, पूजा नको? पण काचेला हात लावू दिला नाही त्याने. अम्मा, काचेला काही लावू नका, करंट कमी येतो म्हणाला. मग मी खाली वाकून पाठीमागं हळद लावली. देवाला काय, पुढून नाही तर मागून."

एवढ्यावर केस उभी राहत नाही, हे मलाही कळत होतं. पण बाई खरी आहे हे मनाने घेतलं.

कंत्राटदाराला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, दोन फोन. विचारायच्या आधीच त्याचं उत्तर तयार.

"सार, मी बसवून दिलं, अधिकाऱ्याने बघितलं, अम्मांनी सही केली. पुढं त्यांनी काय केलं, मला काय माहीत? बायका गरीब दिसतात, सार, पण डोकं असतं त्यांना."

"सर्विसला कोण घेऊन गेलं?"

"मी नाही. नेलं असतं तर पावती दिली असती ना?"

साहेबांनी विचारलं, मी विचारलं, उलटसुलट विचारलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत. इतकी वर्षं चौकशा केल्या, एक बघितलंय. खरं बोलणारा अडखळतो, मध्येच "नाही नाही, थांबा" म्हणून मागे जातो. हा एकदाही मागे गेला नाही. पण हे कोर्टात सांगता येत नाही. तो आमचाच चहा पिऊन निघून गेला.

साहेब म्हणाले, "आता तरी गुन्ह्यात बाईचं नाव घालायचं?"

"माझ्या सहीने नाही."

"फार हट्टी आहात."

"होय सार. घराण्याचंच आहे ते."

"वरून फोन येतायत मला. लवकर काही तरी आणा."

आणि मग आपल्या पायाने चालत आली ती खबर. कुवेंपुनगरातले एक निवृत्त मास्तर आमच्या ठाण्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. कधी कुत्री भुंकतात, कधी शेजारचा हॉर्न वाजवतो. त्या दिवशी टेबलावर हात आपटून म्हणाले, "मला जुना माल दिलाय! नव्या म्हणून बसवल्या, आणि प्लेटांना मागून पिवळे डाग!"

शिपाई हसायला लागले. एक म्हणाला, "मेष्ट्रे, लोक पुढून बघतात. तुम्ही मागून कशाला बघता?"

"त्यांच्या सावलीत बसून पेपर वाचतो मी! मान वर केली की दिसतात!"

मी टोपी घातली आणि उठलो.

मास्तरांच्या तारसीवर प्लेटांखाली उताणा झोपलो. काय सांगू, देवघरात शिरल्यासारखं वाटलं. वरची काच आरशासारखी पुसलेली. खाली पांढऱ्या प्लास्टिकवर कुठे कुंकवाचे टिळे, कुठे गंध, कुठे चौकटीच्या खाचेत विभूती. प्रत्येक घराने आपापल्या पद्धतीने केलेली पूजा, एकीवर एक. आणि एका कोपऱ्यात हळदीचा पंजा. मधलं बोट अर्धं.

साहेबांना फोन केला. तेही आले आणि कडक इस्त्रीच्या गणवेशात शेजारी उताणे झोपले. प्लेटेवरचा नंबराचा कागद त्यांनीच नखाने उचकटला. खाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. दर घरी नवा नंबर. तोच संच एका तारसीवरून दुसऱ्या तारसीवर फिरत होता. बसवायचा, अधिकाऱ्याला दाखवायचा, पैसे घ्यायचे, सर्विसच्या नावाने उचलायचा.

पंचांसमोर बाईला आणलं. ती वाकली आणि पंज्यावर आपला हात ठेवला. बोटाला बोट लागलं. साहेबांनी पंचनाम्यात काय लिहायचं ते सांगितलं.

कंत्राटदाराला पुन्हा आणून प्लेट पाठमोरी त्याच्यासमोर ठेवली. पहिल्यांदा तो अडखळला. म्हणाला, "मागून कोण बघतंय, सार?" त्यानंतर एकेक घर सांगायला लागला, पहिलं बाईचंच.

बाईचं नाव तक्रारीतून निघालं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका डबे घेऊन हजर. तिने कोणाला बोल लावला नाही. "रांगेत या," एवढंच म्हणाली. ते मी उभं राहून ऐकलं.

प्लेटा मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या भिंतीला टेकून होत्या. दसऱ्यात आयुधपूजेला रायफली, जीप सगळ्याला कुंकू लागलं, तेव्हा एक शिपाई ताट घेऊन प्लेटांकडेही वळला. मी ओरडलो, "अरे, पुरावा आहे तो!" कोर्टाचा हुकूम झाल्यावर त्या बाईच्या तारसीवर परत चढल्या.

या केसने मला एक शिकवलं. फसवणारा जगाला दिसेल तेवढंच पुसतो. आणि साधी माणसं कोणी बघत नसलं तरी आपलं काम मनापासून करतात. तेव्हापासून चौकशीला गेलो की मी आधी वस्तू उलटी करून बघायचो. आता बाजारात भांडं घेतानाही करतो, बायको चिडते.

मागच्या वर्षी माझ्याही घरावर सोलर बसलं. काम संपवून बसवणारा म्हणाला, "अज्जा, पूजा करा, पण काचेला काही लावू नका."

"माहीत आहे," म्हटलं, आणि हळदीची वाटी घेऊन खाली वाकलो.