सात गाणी, नंबर एक

गोंदियाजवळच्या आमगावच्या स्टुडिओत मी सतरा वर्षं रेकॉर्डिंग केलं. गाणी किती झाली ते विचारू नका, पण किस्से एवढे साठलेत की चार मित्र जमले की माझ्या चहाचे पैसे कधी मला द्यावे लागत नाहीत! लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. घरी जाताना मात्र तोंड कडू होतं, कारण यातल्या बऱ्याच गोंधळांत हात माझाच होता.

मालक किशोरभाऊ. माणूस दिलदार, पण वाचायचा भारी कंटाळा. कागद समोर आला की "तू पाह्य ना बे" म्हणत माझ्याकडे सरकवायचा, आणि मी पाहून सांगितलेलं ऐकायचा नाही.

*

पहिला किस्सा नव्याण्णवचा, कॅसेटच्या काळातला. तेव्हा कॅसेटवर नंबर आम्हीच टाकायचो आणि दुकानदार त्याच नंबरानं माल मागवायचे. चिचगडचं भजनी मंडळ अडून बसलं, "आमाले एकशे आठच पायजे." दिला. पुढच्या आठवड्यात हळदीच्या गाण्यांवाल्यांनीही तोच मागितला. मी म्हटलं, भाऊ, तो नंबर गेला.

"देवाचा नंबर होय. कोनाले नाही कायले म्हनू?"

दोघांनाही दिला! महिन्याभरात एका घरी तेरवीला भजनं समजून एकशे आठ नंबर लावली. जेवणं सुरू, आणि भोंग्यावर नवरीची हळद! मयताचा मुलगा कॅसेट घेऊन स्टुडिओत आला. किशोरभाऊ मागच्या दारानं जेवायला निघून गेला. शिव्या मी खाल्ल्या.

*

मग सीडी आल्या. नागपुरात किराण्यापासून कपड्यांपर्यंत सगळं विकणारं एक मोठं दुकान होतं. त्यांनी कळवलं, बारकोड नसेल तर तुमची सीडी ठेवणार नाही.

"म्हंजे त्या उभ्या रेघा ना?" किशोरभाऊ घरून फिनाईलची बाटली घेऊन आला. लेबल स्कॅन कर म्हणाला आणि त्या रेघा भजनाच्या कव्हरवर छापून घेतल्या! मी म्हटलं, भाऊ, या बाटलीच्या रेघा आहेत.

"रेघेवर का नाव लिवलं हाये?"

भजन गाणारे बुवा चार नातेवाईक घेऊन नागपूरला गेले, स्वतःची सीडी स्वतः विकत घ्यायला. काउंटरवरच्या मुलीनं मशीन धरलं. टीं! बिल आलं: फिनाईल, एक लिटर.

बुवा ते बिल घेऊन तडक स्टुडिओत. "तीस वर्सं देवाचं गाऊन राहिलो, अन् तुमी मले संडासात ओतलं!"

आम्ही हसलो. बुवा पुन्हा कधी आमच्याकडे गायले नाहीत.

*

त्यानंतर किशोरभाऊनं रीतसर बारकोड घेतला. एकच! अकरा सीड्यांवर तोच. "घराले रेशनकार्ड एकच असते ना? मानसं कितीबी राहोत."

दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये त्या नंबरावर हळदीच्या गाण्यांचं नाव होतं. त्यामुळे काहीही विकलं तरी हळदच विकली जायची. वर्षाअखेरीला यादी आली: हळद जोरात, दंडारीचं लोकनाट्य शून्य. किशोरभाऊनं दंडारीचं रेकॉर्डिंग बंद करून टाकलं.

दंडारीचा म्होरक्या किशोरभाऊशी भांडायला आला. "खपत नाही म्हनतेस, मंग गावोगाव वाजून राहिलं ते का भूत वाजवते?"

उत्तर मला ठाऊक होतं. मी खाली मान घालून वायर गुंडाळत बसलो.

*

सालेकशाकडची सगुणाबाई भाताच्या रोवणीची गाणी गायची. आत्याकडून शिकलेली सात गाणी तिनं एका दुपारी गायली, एकदाही न चुकता. असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. तिची अट एकच होती, "माहं नाव टाकजो बाबू. बाकी तुमी पाहा."

सीडीच्या सुरुवातीला किशोरभाऊनं स्वतःचं दोन मिनिटांचं निवेदन घातलं. पुढे ही गाणी इंटरनेटवर टाकायची ठरली. तिथं प्रत्येक रेकॉर्डिंगला वेगळा कोड लागतो. देश कोणता, रेकॉर्डिंग कोणाचं, साल कोणतं, कितवं, हे सगळं त्या कोडात असतं आणि एकाचा कोड दुसऱ्याला चालत नाही. फॉर्मवर हे स्पष्ट लिहिलं होतं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"एकाच दिवसाचं काम होय ना? एकच टाक!"

निवेदन धरून आठही ओळींत मी तोच कोड टाकला. मीच! नाही म्हणायची छाती झाली नाही, आणि त्याची लाज अजून वाटते. कॉम्प्युटरनं पहिली, निवेदनाची ओळ खरी धरली. सातही गाण्यांपुढे गायकाचं नाव आलं: किशोरभाऊ.

*

गोंदियात एका मंडळानं किशोरभाऊचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार. पाहुणे माइकवर म्हणाले, "क्या बात है साहब! आँख बंद करके सुनो तो बिल्कुल औरत की आवाज़!"

टाळ्या पडल्या. आता हा पठ्ठ्या खरं सांगेल, असं मला वाटलं. किशोरभाऊनं वाकून नमस्कार केला!

*

सगुणाबाईच्या घशाचं ऑपरेशन झालं. नंतर सुनेनं तिचा जुना व्हिडिओ मोबाइलवरून इंटरनेटवर टाकला, तर तो बंद झाला. कारण लिहून आलं: हे गाणं किशोरभाऊंच्या मालकीचं आहे.

सगुणाबाई सुनेला घेऊन स्टुडिओत आली. घशातून नुसती खरखर येत होती. "किशोर, माहं नाव काऊन काढलंस रे?"

इंटरनेटवाल्यांना एक पत्र लिहून चूक कबूल करता आली असती. पण शाल शोकेसमध्ये लावलेली होती. किशोरभाऊ म्हणाला, "लागलेला नंबर निघत नाही मावशी. तू पुन्हा गा. नवं रेकॉर्डिंग, नवा नंबर, तुहं नाव." ती गाऊ शकत नाही हे त्याला दिसत होतं. मला भारी राग आला, तरी मी रेकॉर्डिंगच्या मशीनपाशीच बसून राहिलो.

सगुणाबाईनं चपला काढल्या, आत गेली आणि माइकसमोर उभी राहिली. मला म्हणाली, "लाव."

मी लावलं. तिनं खरखरत्या आवाजात स्वतःचं नाव सांगितलं. मग गाव, मग आत्याचं नाव. मग सातही गाण्यांची नावं, एकेक करून. दम लागला की थांबायची. शेवटी म्हणाली, "झालं."

किशोरभाऊ दारात उभा होता. "मावशी, हे का गानं होय?"

"गानं तं तुह्यापाशी हाये. हे माहं नाव होय. याले नंबर दे."