कोऱ्या गोलात उमटलेल्या वन्सं

माझ्या लग्नाच्या ग्रुप फोटोतून मी नणंदेचं, म्हणजे आमच्या वन्संचं, डोकं नखं कापायच्या कात्रीने कापून काढलं होतं. कारण? माझ्याच लग्नात त्या माझ्यापेक्षा सुंदर दिसत होत्या! वय एकवीस, अक्कल शून्य. घरात सांगितलं, वाळवीने खाल्लं. इतकी गोल, इतकी नेमकी वाळवी... आणि सगळ्यांना पटलं!

तीनच वर्षांत वन्सं गेल्या. मागे दहा महिन्यांची शुभदा. त्यांच्या स्वतःच्या लग्नात फोटोवाला सांगितलाच नव्हता. म्हणजे त्यांचा होता नव्हता तो चेहरा मी बंबात घातला होता.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे घडलं ते भर दुपारी, नाशकात, इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर.

मी हाताने फोटो छापते. डिंकात रंग आणि रसायन कालवून कागदाला लावायचं, वर फोटोची पारदर्शक शीट ठेवून उन्हात धरायचं. ऊन लागेल तिथे रंग चिकटतो, बाकीचा पाण्यात सुटतो. सध्या काळ्या कागदावर पांढऱ्याचे प्रयोग चाललेत. झिंक व्हाइट फिका पडला, टिटॅनियमचे पोपडे निघाले, रांगोळी घातली तर कागदाला खरूज! शेवटी दोन्ही व्हाइट मिसळल्यावर जमलं.

शुभदा, आता पन्नाशीला आलेली, पिंपळगावहून आली. म्हणाली, “मामी, तुझ्या लग्नाचा तो फोटो छाप ना. भोक असलं तरी चालेल, आई कुठे उभी होती ते तरी कळेल.”

शीटवर ती जागा नितळ कोरी होती. म्हणजे तिथे पुरतं ऊन लागून सपाट पांढरा गोल उमटायला हवा. प्रिंट ट्रेमधल्या पाण्यात सोडली... आणि गोलातूनच रंग सुटायला लागला. म्हटलं, बिघडलं. मग भुवया आल्या. नाक. हसू दाबलेले ओठ – वन्सं!

मला एकटीला दिसलं असतं तर मनाचे खेळ म्हटलं असतं. पण आईचा चेहरा अजिबात न आठवणारी शुभदा वाकून म्हणाली, “हनुवटीवर खळी होती का गं?” होती.

तिथेच मी कात्रीचं सगळं सांगून टाकलं. तिने ती प्रिंट अलगद उचलून सावलीत वाळत ठेवली.

त्याच शीटवरून, तिच्यासमोर, आणखी तीन प्रिंट काढल्या. तिन्हींवर सपाट पांढरा गोल. पहिलीवरचा चेहरा मात्र अजून जसाच्या तसा आहे. का, ते मला आजही सांगता येत नाही.

निघताना ती प्रिंट छातीशी धरून शुभदा म्हणाली, “मामी, इतकी वर्षं मी आरशात बघून आईचा अंदाज बांधायचे. मी तर तिच्यासारखी जरासुद्धा नाही गं.”