मला शिवी वाटलेला शब्द

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या अमरावतीच्या कापसाचा भाव आभाळाला भिडला. त्या धामधुमीत मी एका गोऱ्या व्यापाऱ्याकडे दुभाषी म्हणून लागलो. इंग्रजी पुण्याच्या शाळेत शिकलो होतो, पण या साहेबाचं बोलणं कळेचना. 'नथिंग'ला तो 'नाउट' म्हणायचा, 'समथिंग'ला 'समट'. नोकरी जाईल या धास्तीनं मी त्याचे शब्द कागदावर टिपू लागलो.

तेव्हाच गावातल्या नाटक मंडळीसाठी एक फार्स लिहीत होतो. त्यातला शेतकरी शुद्ध पुणेरी बोलायचा; नाटकात तसंच बोलतात, अशी माझी समजूत. फार्समधल्या साहेबाच्या तोंडी मात्र माझ्या कागदावरचे शब्द घातले. विलायतेहून पत्र आलं की आमचा साहेब 'क्लेम्ड' असं पुटपुटायचा. मला ती शिवी वाटली. आमचा नट पोट पुढे काढून, पाय आपटून तो शब्द ओरडायचा.

खेळ दुपारी, रुईच्या रिकाम्या गोदामात होता. पडद्याआडून पाहतो, तर साहेब पहिल्या रांगेत! नटाला थांबवायला मी हात हलवले. त्याला वाटलं, आणखी जोरात म्हण. तो ओरडला, लोक हसून लोळले. साहेब उठून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाचं बोलावणं आलं. बायको म्हणाली, "तुमी काहून थरथरून राहिले? ताप आला का?" डोळ्यांपुढे नुसता तुरुंग दिसत होता.

साहेबानं विचारलं, "तो शब्द कुठे ऐकलास?"

"आपल्याच तोंडून."

"अर्थ ठाऊक आहे?"

मी नकारार्थी मान हलवली. तो खिडकीकडे पाहत म्हणाला, "उपासमार झाली की आमच्या गावाकडे तसं म्हणतात. लढाईमुळे अमेरिकेचा कापूस मिळेना म्हणून तिथल्या गिरण्या बंद आहेत. माझी आई पत्रात तोच शब्द लिहिते."

मी हात जोडले.

"शब्द राहू दे," तो म्हणाला. "त्यावर हसवू नकोस."

घरी येऊन तो प्रवेश फाडला. नव्यानं लिहिताना शेतकऱ्याचं पुणेरी खोटं वाटू लागलं, म्हणून बायकोला विचारून विचारून त्याची वाक्यं लिहिली. नट कुरकुरला, "असं बोललो तर लोक अडाणी म्हणतील." भीती मलाही होतीच.

पुढचा खेळ अकोल्यात झाला. बार्शीटाकळीकडून बैलबंड्या भरून माणसं आली होती. रंगमंचावरचा साहेब आईचं पत्र वाचून, 'क्लेम्ड' म्हणजे उपाशी, एवढंच सांगून थांबला आणि शेतकरी म्हणाला, "साहेब, तुमच्या मायले मी दाणे कसे धाडू?"

मी डोळे मिटून हशाची वाट पाहिली. तो आला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "सांग ना बाप्पा, कसे धाडशीन?"

आमचा साहेब त्या खेळाला आला नव्हता. त्याच्या आईचं पुढे काय झालं, हे विचारायचं धैर्य मला कधीच झालं नाही.