सुटली

काकी गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजातून येऊन चाळीचा जिना चढत होते. वरून शेजारच्या माई म्हणाल्या, "सुटली गो तुझी काकी!" तापाचं निमित्त झालं... महिना होऊन गेला, पण तो शब्द कानातून जात नाही. हे छापायला द्यावं की नाही, कळत नाही. पण तोच शब्द काकीने जिवंतपणीही एकदा ऐकला होता.

परळच्या आमच्या एका खोलीत सहा माणसं. बाईला अडचण आली की तिने दाराजवळच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसायचं, कशाला शिवायचं नाही. पंचेचाळिशी उलटल्यावर काकीची अडचण काही महिने आलीच नाही. तेव्हा माई हसून म्हणाल्या, "सुटलीस बाई! आता खुशाल देवाचं कर." त्या वर्षी गणपतीचे मोदक काकीने केले. आणि आरती चालू असतानाच ती गुपचूप उठून कोपऱ्यात जाऊन बसली. "बाटवलंन देवाला," माई कुजबुजल्या.

मग कधी पंधरवड्यात, कधी तीन महिन्यांनी. कोपरा केव्हा बोलावेल याचा नेम नाही. त्यात संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं. एका दुपारी खाली अश्रुधुराची नळकांडी फुटली, कर्फ्यू लागला, काकांनी खिडकी लावून घेतली. गोणपाटावर काकी घामाने निथळत होती. ती मला म्हणाली,

"खिडकी उघड गो, आतून वाफा येतायत."

"गोळी येईल आत!" काका ओरडले.

"येऊ दे. तिच्याबरोबर वारा तरी येईल."

पुढे आमच्या कॉलेजात एक डॉक्टरीणबाई बोलायला आल्या. त्यांच्याकडून मला 'ऋतुनिवृत्ती' हा शब्द मिळाला. मी तो काकीला चाचरत समजावला : पाळी एकदम जात नाही, आधी काही वर्षं अशीच लहरीने येते, वाफाही तेव्हाच येऊ लागतात. सबंध वर्ष कोरडं गेलं की मगच ती गेली म्हणायचं. त्यानंतर पुन्हा दिसलं तर मात्र डॉक्टरला दाखवायचं.

"म्हणजे मी नाही बाटवलं. माईंनीच घाई केली," काकी हसली. मग बोटांवर महिने मोजू लागली. "सबंध वर्ष... म्हणजे अजून आतच आहे म्हण की मी."

ते वर्ष पुरं झालंच नाही.

परवा मला अडचण आली, तेव्हा मी त्याच गोणपाटावर बसले. खिडकी बंद होती. तिथून कडी समोर दिसते, पण हात कितीही लांबवला तरी चार बोटं लांबच राहते. काकी दर वेळी "उघड गो" का म्हणायची, ते कळलं. माझ्याही ओठांवर तेच आलं होतं... मी उठले आणि कडीला हात घातला.