पहिल्या वर्षाचा नियम

आजवर कुणाला बोललो नाही ते आधी सांगून टाकतो: त्या माणसाचा मला मनापासून तिटकारा होता. तो हॉस्पिटलात होता तेव्हा मी फुलं घेऊन गेलो. ऑफिसातले म्हणाले, किती जीव लावतो हा त्याला. मी गप्प बसलो. गप्प बसणं मला पहिल्यापासून छान जमतं.

दोन पेन्सिली म्हटलं की तो पूर्ण डोळ्यांसमोर येतो. टेक्सासमधल्या प्लेनोतल्या आमच्या टेलिकॉम कंपनीत तो अमेरिकन टेस्टिंगचा लीड होता, मी कोड लिहायचो. मध्ये एक कापडी पार्टिशन. पलीकडे दिवसभर त्या पेन्सिली टेबलावर कडकडत असायच्या. मीटिंगमध्ये व्हाइस प्रेसिडेंट बोलत असला तरी ह्याचे हात टेबलाखाली चालूच. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, पाय हलवणारा, नाहीतर बोटं मोडणारा. पण तुमच्यावाल्याच्या पायामागे इतिहास नसतो. ह्याच्या पेन्सिलींमागे होता, आणि तो ऐकून घ्यावा लागायचा.

सत्तरच्या दशकात तो एका ड्रम कोरमध्ये होता. म्हणजे उन्हाळाभर बसमधून गावोगाव फिरायचं, शाळांच्या जिममध्ये फरशीवर झोपायचं आणि स्टेडियमच्या हिरवळीवर कवायत करत वाजवायचं. पोटाशी ड्रम बांधलेल्या पोरांची एक सरळ रांग, ती ड्रमलाइन. "डोळे मिटून ऐकलं असतंस ना बडी, तर एकच माणूस वाजवतोय असं वाटलं असतं." हे वाक्य ऐकून ऐकून मला त्या एका माणसाचा गळा दाबावासा वाटायचा.

त्या लाइनमधली सगळी मंडळी मला पाठ झाली होती. एक डावखुरा, त्याला उजव्या पद्धतीनं वाजवायला लावून लावून सरळ केलेला. एक तापानं फणफणलेला, शो संपल्यावरच कोसळला. एकाच्या नाकातून रक्त ड्रमवर ठिबकत होतं, तरी पठ्ठ्यानं पुसायला हात वर नेला नाही. "ही डिडन्ट ब्रेक द लाइन!" असं म्हणून तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मी आता उठून टाळ्या वाजवणार. मला वाटायचं, काय एकेक मूर्ख गोळा केले होते.

आजच्या ड्रमलाइन्सचं नाव काढलं की ह्याचे ओठ वाकडे. "सर्कस. नुसती कंबर हलवतात." आणि मैदानाच्या कडेला एका जागी उभं राहून घंटा, झायलोफोन वगैरे वाजवणारे तर त्याच्या लेखी माणसंच नव्हती. "ज्यांना चालता येत नाही त्यांना तिथे मांडून ठेवतात. फर्निचर."

पुढच्या उन्हाळ्यात ती जुनी लाइन एका शोपुरती पुन्हा उभी राहणार होती. त्याची जागा राखून ठेवलेली. त्याशिवाय त्या माणसाला दुसरं काहीच नव्हतं. बायको सोडून गेलेली, मूल नाही. लंचमध्ये तो पार्किंग लॉटमध्ये पाय ताठ ठेवून मोजून पावलं टाकत चालायचा. वर खिडकीत आम्ही देसी लोक डबे खात बघायचो. "यार, तुझा बँडवाला सुटला बघ," कुणीतरी म्हणायचं. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो.

मी पुण्यात ताशा वाजवायचो. इथल्या मराठी मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचा प्रमुखही मीच. एकदा त्याला आमचं रेकॉर्डिंग ऐकवलं. का? दिपवायला, दुसरं काय. त्यानं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "डर्टी, बडी. व्हेरी डर्टी." मग समजावूनही सांगितलं, काठ्या एका क्षणी पडत नसल्या की आम्ही त्याला डर्टी म्हणतो, शिवी नाही ती. मी हसून मान हलवली. आत मात्र असा पेटलो होतो की बोलायची सोय नाही. पुण्याच्या ढोलाला हा पेन्सिलवाला नावं ठेवणार!

"गणपतीला मी येतो ना," तो म्हणाला, "तुमची लाइन क्लीन करून देतो."

"ये की," मी म्हणालो.

मंडळानं एका शाळेचं आवार भाड्यानं घेतलं होतं. मिरवणूक म्हणजे काय, तर पार्किंग लॉटमधून प्रदक्षिणा. सप्टेंबरची टेक्सासची दुपार, डांबर मऊ झालेलं. आणि हा आला तो जुना युनिफॉर्म घालून. कोटाची बटणं लागत नव्हती. पोटावर स्नेअर ड्रम, पायांत चकचकीत पांढरे बूट. आमची पोरं खी-खी करून हसली. मला माझीच लाज वाटली, ह्याला आपण बोलावलं म्हणून. आणि त्या लाजेतून ते सुचलं.

"बूट काढावे लागतील," मी म्हणालो. "मोजेही."

त्यानं रांगेकडे पाहिलं. सगळ्यांच्या पायांत स्पोर्ट्स शूज. "ते?"

"ते जुने आहेत. जो पहिल्या वर्षी वाजवतो त्यानं अनवाणी वाजवायचं. आमचा नियम."

वाटलं, वाद घालेल. पण त्याचा चेहरा उजळला. "ओह, रूकी रूल! आमच्याकडेही होते. नव्या पोरानं हे करायचं, ते करायचं. गॉट इट, बडी." आणि त्यानं बूट काढून झाडाखाली जोडीनं नीट ठेवले.

पहिल्या फेरीत तो ठेका शिकला, दुसऱ्या फेरीपासून आमच्यात मिसळून गेला. मान सरळ, नजर समोर, तोंडातून अवाक्षर नाही. ढोलवाले मध्येच पाण्याला जायचे, सावलीला जायचे. हा नाही. एक काकू पन्ह्याचे ग्लास घेऊन फिरत होत्या, त्या थबकल्याच. "अगंबाई, पाय भाजतील ना त्यांचे! अरे, कुणीतरी चपला द्या की त्यांना." त्यांनी स्वतःच्या चपला काढून पुढे केल्या. त्यानं नुसती मान हलवली. लाइनमध्ये बोलायचं नसतं.

"राहू द्या काकू," मी म्हणालो. "त्यांचा नवस आहे."

काकूंनी हात जोडले. नवसाची गोष्ट तासाभरात मंडळभर झाली. आमचे लोक असल्या गोष्टींना हपापलेलेच असतात. अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, लोकांनी रांग लावून फोटो काढले. ह्याला एक शब्द कळत नव्हता. मला सगळं कळत होतं.

त्याला शुगर होती. माझे पेढे तो त्यामुळेच घेत नसे, म्हणजे हे मला ठाऊक होतं. शुगरवाल्यांच्या पायांना चटका कळत नाही, हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर थांबलो असतो का? असतो, असं छातीठोक सांगवत नाही.

पायांना फोड आले, मग ते चिघळले, मग डाव्या पायाची बोटं काढावी लागली. फुलं घेऊन गेलो तेव्हा तो पलंगाच्या कठड्यावर बोटांनी ठेका धरून पडला होता. तुमचाच ठेका आहे, म्हणाला, पण क्लीन.

"लाइन तोडली नाही ना मी?"

"नाही," मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी मी रूकी नाही, बडी. बूट घालणार." आणि हसला. त्या हसण्याचाही मला राग आला. दोष देणारा माणूस असता तर किती सोपं गेलं असतं.

उन्हाळ्यातल्या त्या शोमध्ये जुन्या मित्रांनी त्याला मैदानाच्या कडेला स्टुलावर बसवलं आणि हातात टिणटिण वाजवायचा एक ट्रँगल दिला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "आय बिकेम फर्निचर, बडी." मला त्यानं शोचं आमंत्रण दिलं होतं. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज आहे असं सांगून मी गेलो नव्हतो. रिलीज नव्हता.

नंतर कंपनीनं टेस्टिंगचा विभागच बंद केला आणि तो बहिणीकडे उत्तरेला निघून गेला. पार्टिशनपलीकडे शांतता झाली. ती हवी म्हणून मी किती वर्षं चडफडलो होतो! आजही तो आठवला की आधी चीडच येते. एवढा कसा भोळा होता, एकदाही दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. त्याच्या बहिणीचा नंबर माझ्याकडे आहे. तो आहे की गेला, तेही मी विचारलेलं नाही.

मी त्याला एक वाक्य देणं लागतो: आमच्यात असा नियम कधीच नव्हता, तो त्या दुपारी मी तुझ्यासाठी बनवला.