फुकटचा कीबोर्ड आणि मे महिन्याची सुट्टी

काम वेळेवर झालं तर त्याचा किस्सा होत नाही. आमच्या ग्रुपकडे किस्से भरपूर आहेत, त्यावरून काय ते समजा.

आम्ही तिघं. मी आरमोरीत कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, वनिता जंगलातल्या तिच्याच गावी शाळेत शिकवते आणि सलीमभाऊ कूलर दुरुस्त करतो. तिघं मिळून मोबाइलचा एक कीबोर्ड बनवतो. आपण बोलतो तसं, आपल्या झाडीबोलीत लिहिता यावं, एवढाच हेतू. कीबोर्ड फुकट, कोड सगळ्यांना उघडा, पगार कोणालाच नाही.

सुट्टी लागली तशी मी ऐटीत मेल टाकला, "आता पूर्ण वेळ प्रोजेक्टला." नंतर अकरा दिवस कूलरपुढून हललो नाही. आमरस, झोप, उठलो की टरबूज. आमचा कोड तपासणारा एकजण फिनलंडला असतो. त्यानं काळजीनं विचारलं, "बरे आहात ना?" मी कळवलं, "आठवडाभर लाईट नाही."

त्याचं उत्तर आलं, "वाईट वाटलं. पण कालच्या तुमच्या आंब्याच्या व्हिडिओत मागे पंखा फिरतोय."

सलीमभाऊचा तर हाच सीझन. दुकानात कूलरची रांग, जेवायला फुरसत नाही. तरी त्या महिन्यातले सगळे बग त्यानंच काढले. मी विचारलं, "भाऊ, वेळ कुठून काढता?"

पंपाचा स्क्रू पिळत तो म्हणाला, "मले तुमच्यासारखी सुट्टी नाई ना."

हे लागलं मला. लॅपटॉप घेऊन वनिताच्या गावी गेलो. म्हटलं, झाडाखाली बसून काम करू. तिथे बिडीच्या तेंदूपानाचा हंगाम चालू होता. वनिताच्या आईनं विचारलं, "हे काय करून राह्यले तुमी?"

"बाई, लोकांसाठी फुकट काम."

"मंग इकडे या," म्हणत तिनं पानांचा ढीग माझ्यापुढे सरकवला. तासभर खपून मी एक पुडका बांधला. तिनं तो सोडला, फाटकी पानं काढून टाकली आणि उरलेली परत माझ्या हातात दिली. "पुन्हा बांधा."

असं तीनदा झालं. वनिता शेजारी बसून भराभर पुडके बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "सर, माझा कोड तुमी परत पाठवता ना, तेव्हा असंच वाटते."

आता सांगतो ते मात्र माझ्या अंगाशी आलं. त्याच मे महिन्यात मी नव्या शब्दांची यादी घाईघाईनं कीबोर्डमध्ये टाकली. सलीमभाऊनं विचारलं, "टेस्ट केली काय?" मी म्हटलं, "आल्यावर करू," आणि वैनगंगेवर पोहायला गेलो.

इकडे वनिताला मामेबहिणीकडे जायचं होतं. ऊन फार म्हणून वडिलांनी अडवलं. तिनं रेंजसाठी टेकडीवर जाऊन घरच्या ग्रुपवर लिहिलं, "बाबा मले आज सोडत नाई. उद्या येतो." आमच्या कीबोर्डनं 'मले'चं केलं 'मेले'. 'बाबा मेले आज' इथंपर्यंतच सगळ्यांनी वाचलं. पुढचं कोण वाचतो? फोन लावले, तर गावात रेंज नाही.

दुपारी पुन्हा टेकडीवर चढून वनितानं मला फोन केला. सलीमभाऊच्या गाडीवर बसून आम्ही पोचलो, तर अंगणात पन्नास-साठ माणसं. वडील खाटेवर बसून आंबा चोखत होते. सावली गावची त्यांची बहीण त्यांच्या गळ्यात पडून रडत होती. बांधावरून भावंडांत भांडण झालेलं, आठ वर्षं तिनं या घराची पायरी चढली नव्हती. मध्येच त्यांच्या पाठीत धपाटे घालत म्हणायची, "जिता आहेस तर सांगत काऊन नाई?"

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. हात जोडून त्यांच्यापुढे उभा राहिलो. "भाऊ, चूक माझी आहे. आत्ता बसतो आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त करतो."

म्हाताऱ्यानं कोय बाजूला ठेवली, धोतराला हात पुसले आणि मला जवळ बोलावलं.

"मास्तर, दोन दिवस राहू द्या तसंच. नागभीडचा भाऊ यायचा राह्यला आहे."