एकोणीस सीटचं विमान आणि मागे राहिलेली आई

इंदूरहून मावशीच्या गावाला विमान सुरू झालंय, ही बातमी मी आईला सहज वाचून दाखवली होती. सुलूमावशी आईची धाकटी बहीण. दोघी सहा वर्षं बोलत नव्हत्या. काका, म्हणजे मावशीचे यजमान, वारले तेव्हा आई तिकडे गेली नाही. "रात्रभर ट्रेन, मग चार तास बस, माझे गुडघे नाही झेपणार," असं सगळ्यांना सांगत राहिली. मावशीने ते कधी मानलं नाही.

बातमी ऐकून आई बराच वेळ मेथी निवडत बसली. मग म्हणाली, "बुक कर ना."

अचानक का, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तुम्हाला जायचं असेल तर सांगते. सरकारी सब्सिडीच्या सीटा थोड्याच असतात, लवकर संपतात. आम्हाला मिळाल्या त्या एसी स्लीपर बसपेक्षा थोड्याच महाग पडल्या. विमान सोमवार, बुधवार, शुक्रवार. वेळ वेबसाइटवर एक, मेसेजमध्ये दुसरी, फोन केला तर तिसरी. सगळ्यात आधीची धरून निघा. गावाचं नाव मात्र लिहीत नाही, मावशीने बजावलंय.

बुधवारी सकाळी अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरून रिक्षाने वीस मिनिटांत एअरपोर्ट. काउंटरवर बॅगांचं वजन झालं, मग आमचंही. आई काट्यावर चढायलाच तयार नव्हती. काउंटरवरच्या मुलाला म्हणाली,

"भिया, सबके सामने?"

"आंटीजी, छोटा जहाज है. किसको कहां बिठाना है, वजन से तय होता है."

पंख्यांचं विमान, एकोणीस सीट, आवाज एवढा की बोलणं अशक्य. पण खालचं सगळं दिसतं: नर्मदा, शेतं, छतांवर वाळत घातलेल्या मिरच्यासुद्धा. सव्वा तासात उतरलो.

उतरल्यावर मी टर्मिनलपर्यंत नेणारी बस शोधत उभी राहिले. बस नसते, चालत जायचं. ज्या माणसाने हात हलवून विमान उभं केलं, त्यानेच हातगाडीवर बॅगा आणल्या. त्यांचं नाव ओमजी. टॅक्सीचं विचारायला काउंटरवर गेले तर तिथेही ओमजीच बसलेले. बाहेर गव्हाची शेतं, आणखी काही नाही. ओमजींनीच फोन करून ई-रिक्षा बोलावली. नऊ किलोमीटर, रस्ता चांगला आहे.

मावशीने दार उघडलं. मला वाटलं रडारड होईल, नाहीतर भांडण. मावशी म्हणाली, "चपला बाहेर काढा, आत्ताच पुसलंय."

पुढचे दोन दिवस असेच. मावशीने भुट्ट्याचा कीस केला. आई म्हणाली, "हिंग कमी आहे." मावशी म्हणाली, "तुला नेहमीच कमी वाटतो." हे भांडण होतं की गप्पा, मला कळेना. काकांच्या फोटोसमोर आई उभी राहिली तेव्हा मावशी उठून कपडे वाळत घालायला गेली. गुरुवारी मी एकटीच तळ्याकाठचा किल्ला बघून आले. सुंदर आहे, सकाळी जा, पाणी सोबत न्या. परत आले तेव्हा दोघी वेगवेगळ्या खोल्यांत बसल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी मावशी एअरपोर्टच्या फाटकापर्यंत सोडायला आली. "पोहोचल्यावर कळवा," एवढंच. माझी पक्की समजूत झाली की फेरी वाया गेली.

आम्ही विमानात बसलो, पट्टे लावले. तेवढ्यात ओमजी आत डोकावले.

"गर्मी बहुत है जी, इतने वजन में उठेगा नहीं. कोई एक जन सोमवार को चला जाए तो मेहरबानी."

सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. आईने हात वर केला.

"आई, काय करतेयस?"

"कोणीतरी उतरायला हवं ना."

"मग मी उतरते."

"तुझं ऑफिस आहे. बस तू."

मी पट्टा सोडेपर्यंत ती शिडी उतरलीसुद्धा, दुखरा गुडघा सांभाळत, एकेक पायरी. खिडकीतून मला फाटक दिसत होतं. मावशी अजून तिथेच उभी होती. आई तिच्याजवळ गेली. मावशी हात हलवून काहीतरी बोलली, बहुतेक रागावली. मग वळून एकटीच चालू लागली. आई तिच्या मागे. पन्नासेक पावलांवर मावशी थांबली, आईच्या हातातली पर्स तिने ओढून घेतली, आणि दोघी सोबत चालू लागल्या. तेवढ्यात विमान वळलं.

इंदूरला एकटीच उतरले. घरी कुलूप काढताना शेजारच्या जोशीकाकूंनी विचारलं, "आई कुठे?" "सोमवारी येईल," एवढंच मी सांगितलं.

सोमवारच्या विमानाने ती आली नाही. बुधवारी आली. मी एअरपोर्टवर आणायला गेले आणि रिक्षात प्रश्नांनी तिला भंडावून सोडलं. "काय बोललात? काकांचं काढलं? तिने माफ केलं का तुला?"

"काही नाही बोललो गं."

"पाच दिवस?"

"त्या दुपारी घरी गेलो आणि एकाच पलंगावर झोपलो दोघी. दिवेलागणीलाच जाग आली. मला एवढी झोप किती वर्षांत लागली नव्हती."

एवढ्यासाठी विमानातून उतरायचं? मला अजूनही नीट कळलेलं नाही. परवा मावशीचा फोन आला होता. दोघी अर्धा तास बोलल्या, सगळं हिंगाबद्दलच.